विमानाचा तास आणि नांदुऱ्याचा रस्ता

महाराष्ट्राच्या नकाशावर पट्टी ठेवून बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदपासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली तर तिची लांबी सुमारे ४४० किलोमीटर भरते. जिल्ह्याच्या शहरांना सध्या जी पंख्यांची छोटी विमाने सेवा देतात, त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे गणिताने हे अंतर ५३ मिनिटांचे झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेला टेकून असलेल्या या तालुक्याच्या गावापासून राज्याची राजधानी तासाभराच्या आत आहे, असे या हिशेबावरून कोणीही म्हणेल. भागाकारात चूक नाही. मात्र जळगाव जामोदला विमानतळ नाही, रेल्वे स्थानकही नाही. रात्री मुंबईची गाडी गाठायची तर आधी नांदुरा गाठावे लागते. नांदुरा जेमतेम तीस किलोमीटरवर आहे; पण गावातून मुंबई किती दूर आहे, हे खऱ्या अर्थाने ठरते ते या तीस किलोमीटरांवर.

गेल्या काही वर्षांत दोन शहरांमधले अंतर सांगताना किलोमीटरऐवजी विमानाचे तास सांगण्याची रीत पडली आहे. विमानतळाच्या भूमिपूजनाची भाषणे असोत की औद्योगिक वसाहतींच्या जाहिराती, ‘मुंबई आता अवघ्या दीड तासावर’ हे वाक्य ठरलेले असते. यात फसवणूक असते असे नाही. दीड तास खराच असतो, पण तो विमानाचा असतो, प्रवाशाचा नसतो. विमानाचा तास हेच अंतराचे प्रमाण मानून सरकारी धोरणे आखली जातात, पैसा त्याच दिशेने वाहतो आणि त्या तासाच्या दोन्ही टोकांना जे उरते त्याची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही, ही खरी अडचण आहे.

भूगोलाची एक गंमत येथे नोंदवायला हवी. खानदेशातील जळगाव, वऱ्हाडातील जळगाव जामोद आणि नागपूर ही तिन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर, २१ अंशांच्या आसपास आहेत. जळगाव जामोदच्या बरोबर पश्चिमेला शंभर किलोमीटरवर जळगाव आणि बरोबर पूर्वेला सुमारे २६० किलोमीटरवर नागपूर. दोन जळगावांत गफलत होऊ नये म्हणून या गावाला जवळच्या जामोद गावाचे नाव जोडले गेले, तरी गफलत व्हायची ती होतेच. ‘जळगावला विमानसेवा सुरू’ अशी बातमी वाचून या जळगावच्या माणसाला तिकडच्या नातेवाइकांचे अभिनंदनाचे निरोप आले तर नवल नाही. ते विमान उतरते ते शंभर किलोमीटर पश्चिमेला.

विमानाच्या वेळेचा अर्थ काय, हे आधी पाहू. कंपनीच्या वेळापत्रकात जो कालावधी छापलेला असतो तो हवेतला नसतो. विमानाच्या चाकांखालचे अडसर निघाल्यापासून ते दुसऱ्या ठिकाणी पुन्हा लागेपर्यंतचा तो असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढणे, उतरण्यासाठी घिरट्या घालणे हे सारे येते. मुंबई आणि खानदेशातील जळगाव यांच्या विमानतळांमधले सरळ अंतर ३५५ किलोमीटरच्या घरात आहे. ५०० च्या वेगाने ते पाऊण तासाहूनही थोडे कमी होते. प्रत्यक्षात मात्र सव्वा तास धरावा लागतो. अंतर जितके कमी, तितका हा वरचा भार अधिक जाणवतो. लंडनच्या प्रवासात विमानतळावर घातलेली वीस मिनिटे कोणी मोजत नाही. जळगावच्या प्रवासात ती डोळ्यांत भरतात. वाराही आपला वाटा उचलतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे उंचावरून वाहतात आणि मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्या जेट विमानाला ते पाठीशी मिळतात, परतताना तेच आडवे येतात. तेच दोन विमानतळ, तेच विमान, अंतरही तेच. वेळ मात्र जाताना एक आणि येताना दुसरा.

मुंबईचा विमानतळ हा या गणितातला सर्वांत अवघड आकडा. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते. २०१८ मध्ये या विमानतळाने एका दिवसात हजारावर विमाने चढवण्या-उतरवण्याचा विक्रम केला. या गर्दीत एकोणीस आसनांच्या विमानाला आणि एकशे ऐंशी आसनांच्या विमानाला धावपट्टीवर जवळपास तेवढाच वेळ द्यावा लागतो. मग छोट्या विमानाला गैरसोयीची वेळ मिळते किंवा मिळतच नाही. छोट्या शहरांच्या विमानसेवेचे अपयश त्या शहरांत प्रवासी नाहीत म्हणून आले, असे सरसकट मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. मुंबईच्या टोकाला दार अरुंद होते, हा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर केली आणि एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली मार्गावर तिचे पहिले विमान उडाले. सुमारे ५०० किलोमीटरचा किंवा एका तासाचा प्रवास २,५०० रुपयांत, हे तिचे गाजलेले सूत्र. ठरावीक आसनांवर भाड्याची मर्यादा आणि त्यापायी होणारी तूट भरून काढण्यासाठी कंपनीला तीन वर्षे अनुदान, अशी तिची रचना होती. हवाई चपला घालणाराही विमानात बसावा, हा तिचा उद्देश. त्यावर टीका करण्याचे कारण नाही. पण ‘एक तास’ हे येथे विमानतळ ते विमानतळ असे माप होते आणि योजनेच्या यशापयशाचे मोजमापही त्याच मापाने झाले. किती विमानतळ जोडले, किती मार्ग सुरू झाले, याच्या याद्या निघाल्या. त्या विमानतळाच्या भोवतीच्या शंभर किलोमीटरच्या परिघातला माणूस तेथवर कसा पोहोचतो, हा प्रश्न नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाचा नव्हता. आणि दुसऱ्या कोणत्या मंत्रालयाचा तो आहे, हेही कोणी सांगितले नाही.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०२३ मध्ये या योजनेचा जो लेखाजोखा मांडला तो मुळातून वाचण्यासारखा आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले त्यांतील केवळ ११२ मार्गांनी अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यानंतर, मार्च २०२३ पर्यंत, त्यांतले ५४ तग धरून होते. शंभरात सातच, असे हे प्रमाण पडते.

खानदेशातील जळगावच्या विमानतळाची कहाणी या आकडेवारीचेच एक उदाहरण. एअर डेक्कन कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये छोट्या बीचक्राफ्ट विमानांनी मुंबई-जळगाव सेवा सुरू केली. ती काही महिन्यांतच बंद पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट कंपनी आली. पुढे ती कंपनीच थांबली. मग २०२४ मध्ये ‘फ्लाय ९१’ या कंपनीने गोवा आणि हैदराबादसाठी उड्डाणे सुरू केली. सेवा येते, फुलांचे हार पडतात, वर्षभरात वेळापत्रक विरळ होते आणि पुन्हा नव्या कंपनीची वाट पाहणे सुरू होते. ज्या सेवेवर पुढच्या महिन्यात विसंबता येत नाही, तिच्या भरवशावर कोणीही व्यापाराची वा उपचाराची आखणी करीत नाही. आणि आखणी होत नाही म्हणून प्रवासी वाढत नाहीत.

पूर्वेच्या बाजूला अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत वाढवून १६ एप्रिल २०२५ रोजी तेथून मुंबईची सेवा सुरू झाली. पश्चिम विदर्भाने या दिवसाची वर्षानुवर्षे वाट पाहिली होती आणि अमरावतीकरांचा आनंद रास्तच होता. मधल्या अकोल्याची गोष्ट मात्र निराळी. शिवणीचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, म्हणजे या दोन्हींहून जुना. पण त्याची धावपट्टी सुमारे १,४०० मीटरची, आणि ती वाढवायची तर डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न आडवा येतो. वऱ्हाडात धावपट्टीची लांबी हा मानापमानाचा विषय नसून उन्हाचा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, पंखांना मिळणारा उचल कमी होतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. तेच विमान डिसेंबरात जेवढ्या पट्टीवरून उडेल, तेवढ्यावरून ते मे महिन्यात भरल्या आसनांनी उडू शकेलच असे नाही. मग काही आसने रिकामी ठेवावी लागतात. अनुदानावर चालणाऱ्या सेवेला रिकामी आसने परवडत नाहीत. चारशे मीटर जमिनीचा वाद म्हणून जे वाचले जाते, त्यामागे हे साधे पदार्थविज्ञान आहे.

आता जळगाव जामोदच्या प्रवाशाचा हिशेब मांडू. समजा, त्याला मुंबईत दादरला पोहोचायचे आहे.

पहिला मार्ग नेहमीचा. संध्याकाळी काळी-पिवळीने किंवा एसटीने नांदुरा, तेथे गाडीची वाट, मग रात्रभर रेल्वे. नांदुऱ्याहून मुंबई लोहमार्गाने ५२० किलोमीटरच्या आसपास आहे आणि आठ ते नऊ तास लागतात. घर ते दादर, सारे धरून साडेदहा तास. दुसरा मार्ग खानदेशातील जळगावच्या विमानतळाचा, तेथून त्या दिवशी मुंबईचे विमान आहे असे धरून. सरळ रेषेत हा विमानतळ ९४ किलोमीटर असला तरी रस्ता नांदुरा, मलकापूर, मुक्ताईनगर, भुसावळ असा वळसा घेतो आणि सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्याचे तीन तास. विमानतळावर दीड तास आधी. विमानाचा सव्वा तास. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडणे आणि दादर गाठणे यांचा आणखी सव्वा तास. एकूण सात तास. तिसरा मार्ग अमरावतीचा. मुंबई पश्चिमेला असताना आधी पूर्वेला सव्वाशे किलोमीटर, तेही सरळ रेषेत, जायचे आणि मग विमानाने पावणेदोन तासांत तेच अंतर पुन्हा ओलांडून परत यायचे. हा हिशेब आठ तासांच्या पुढे जातो आणि तो कोणी शहाणा माणूस करणार नाही.

दुसऱ्या मार्गाचे सात तास जरा फोडून पाहण्यासारखे आहेत. त्यांतला सव्वा तास, म्हणजे सहाव्या हिश्श्याहून थोडा अधिक, विमानाचा. उद्या विमानाचा वेग दुप्पट झाला तरी प्रवाशाचा अर्धा-पाऊण तास वाचेल. जळगाव जामोद ते जळगाव विमानतळ हे तीन तासांचे अंतर सव्वादोन तासांत कापता आले तरी तेवढाच वेळ वाचेल, आणि ही बचत विमानात बसणाऱ्यांपुरती राहणार नाही. त्याच रस्त्याने नांदुऱ्याच्या बाजारात जाणारा शेतकरी, मलकापूरला शिकायला जाणारी मुलगी, भुसावळला गाडी पकडणारा जवान या सगळ्यांची ती बचत असेल.

रेल्वेचे साडेदहा तास आणि विमानाचे सात तास यांची तुलना करताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. रेल्वेचे तास बहुतांश रात्रीचे असतात. सकाळी दादरला उतरायचे, दिवसभर मंत्रालयातले किंवा रुग्णालयातले काम उरकायचे आणि रात्री पुन्हा गाडीत बसायचे, हा वऱ्हाडातील माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. त्यात मुंबईच्या लॉजचे भाडे वाचते आणि कामाचा दिवस पुरा मिळतो. विमानाचे सात तास दिवसाचे असतात. दुपारचे विमान असेल तर त्या दिवशी काम होत नाही आणि रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वाढतो. घड्याळाचे तास सारखे असतात, प्रवाशाचे नसतात. पुण्याला जाणाऱ्यांनी हे कधीच ओळखले आहे. जिल्ह्यातील तरुण नोकरीसाठी मोठ्या संख्येने पुण्यात गेले आणि त्यांच्यामागे रात्रीच्या ट्रॅव्हल्स गाड्या आल्या. पुणे सरळ रेषेत चारशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून थोडे जवळ. पण लोकांना ते जवळ वाटते याचे कारण हे चाळीस किलोमीटर नव्हेत. गाडी संध्याकाळी गावात येते आणि सकाळी दाराशी सोडते, म्हणून ते जवळ आहे.

या दृष्टीने नागपूरच्या हवाई टपालाचा इतिहास आठवतो. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या शहरी परतलेली असत. नागपूरहून ही शहरे सरळ रेषेत सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात येतात, हे नागपूरच्या निवडीचे कारण. पण निव्वळ अंतराने काही साधले नसते. चार विमाने एका वेळी एका ठिकाणी भेटत, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. त्या काळची विमाने संथ होती, तरी मद्रासला रात्री टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाचले जाई.

स्वित्झर्लंडने हेच सूत्र रेल्वेला लावले. १९८२ पासून तेथील गाड्या ठरावीक अंतराने धावतात आणि प्रमुख स्थानकांवर एकाच सुमारास येतात, त्यांना जोडून डोंगरातल्या गावांच्या पिवळ्या टपालबस सुटतात. गाडी शक्य तितकी वेगवान करण्याऐवजी पुढची जोड मिळेल इतपतच वेगवान करायची, असे त्यांचे धोरण राहिले. डोंगराळ, लहान गावांच्या देशाने हे केले, आणि आपण मात्र एकेका विमानतळाच्या लांबी-रुंदीत अडकलो आहोत. नांदुऱ्याला रात्रीची गाडी येते त्या वेळेशी जळगाव जामोदच्या एसटीची वेळ बांधलेली असणे, आणि पहाटे उतरणाऱ्या प्रवाशाला स्थानकाबाहेर बस उभी दिसणे, याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. त्यासाठी रेल्वे आणि एसटी महामंडळ यांनी एकमेकांच्या वेळापत्रकांकडे पाहावे लागेल. जळगाव जामोदला एसटीचे आगार आहे. म्हणजे बस कोठून आणायची, हा प्रश्नही नाही.

नांदुरा आणि जळगाव जामोद यांच्या मध्ये पूर्णा नदी वाहते. पावसाळ्यात हे अंतर किलोमीटरांत मोजण्याचे सोडून पाण्याच्या पातळीत मोजावे लागते. जुलै २०२३ मधील अतिवृष्टीत जळगाव जामोद आणि संग्रामपूर या दोन्ही तालुक्यांतील नदीनाल्यांना महापूर आला आणि अनेक गावांचा संपर्क तुटला. सातपुड्यातून उतरणारे नाले काही तासांत फुगतात. त्या काळात मुंबई ५३ मिनिटांवर असली काय नि दीड तासावर असली काय, तालुक्याचे ठिकाणच गाठता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. १९०५ पर्यंत जळगाव आणि खामगाव हे तालुके अकोला जिल्ह्यात होते. त्या वर्षी वऱ्हाडाच्या जिल्ह्यांची पुनर्रचना झाली आणि ते बुलढाण्याला जोडले गेले. नकाशावर मोजले तर जळगाव जामोदहून अकोला आणि बुलढाणा ही दोन्ही ठिकाणे सरळ रेषेत जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. पट्टी हातात धरणाऱ्या अधिकाऱ्याला यात काही बिघडले असे वाटण्याचे कारण नव्हते. पण अकोला मुख्य लोहमार्गावर, सपाटीवर. बुलढाणा घाट चढून वर, आणि त्याला आजही रेल्वे नाही. समान अंतराच्या दोन शहरांपैकी दूरचे शहर जिल्ह्याचे ठिकाण झाले.

समृद्धी महामार्गाबाबतही तेच. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. दोन्ही शहरांच्या विमानतळांमधले सरळ अंतर ६८०-६९० किलोमीटर. म्हणजे हा रस्ता विमानाच्या रेषेशी जवळजवळ स्पर्धा करतो. तो बुलढाणा जिल्ह्यातून जातो, पण घाटावरून, सिंदखेडराजा आणि मेहकर तालुक्यांतून. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी दगावले. वेगाची किंमत जिल्ह्याने अशी मोजली. जळगाव जामोदहून मेहकर सरळ रेषेत शंभर किलोमीटर दक्षिणेला आहे. जिल्ह्यातून जाणारा महामार्ग आणि जिल्ह्याच्या उपयोगाचा महामार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाटाखालच्या भागाला खरा आधार आहे तो नांदुरा-मलकापूरवरून जाणाऱ्या जुन्या सहा क्रमांकाच्या, म्हणजे आताच्या ५३ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा. त्याच्याच अमरावती-अकोला टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विश्वविक्रम नोंदवण्यात आला. रस्ता किती वेगाने बांधला याचा विक्रम होतो. तो किती वर्षे रखडला होता याची नोंद गिनेसच्या पुस्तकात करीत नाहीत.

ज्यांचे विमानाशी काही देणेघेणे नाही अशा लोकांचा विचार केला तर अंतराचा प्रश्न अधिक टोकदार होतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा हा जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांचा जुना शाप. येथील विहिरींचे पाणी खारे आणि या भागात मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडलेल्यांची संख्या हा वर्षानुवर्षे चिंतेचा विषय. अशा एखाद्या रुग्णाला डायलिसिससाठी पन्नास किलोमीटरवर आठवड्यातून दोनदा जावे लागत असेल, तर जाऊन-येऊन आठवड्याला दोनशे आणि वर्षाला दहा हजार चारशे किलोमीटर होतात. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. म्हणजे हा माणूस दरवर्षी लंडनला पोहोचून पुढे तीन हजार किलोमीटर जातो, तोही एसटीच्या बाकावर, चार तास यंत्राला जोडलेला राहून थकलेल्या शरीराने. बरोबर घरातील एक माणूस, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली. त्याच्यासाठी यंत्र पंचवीस किलोमीटर अलीकडे आणले तर वर्षाला पाच हजार दोनशे किलोमीटर कमी होतात. एवढे अंतर कोणत्याही विमानतळाने कोणत्याही प्रवाशाचे कमी केलेले नाही.

याचा अर्थ छोट्या शहरांत विमानतळ नकोत, असा काढणे चुकीचे ठरेल. अमरावतीला, अकोल्याला, जळगावला विमान हवे. उद्योजकाला, तातडीच्या रुग्णाला, प्रत्यारोपणासाठी नेण्याच्या अवयवाला तासांचे मोल असते. आक्षेप आहे तो विमानाच्या तासाला संपूर्ण प्रदेशाच्या जवळिकीचे माप मानण्याला. अकोल्याची धावपट्टी उद्या वाढली तरी जळगाव जामोदला तिचा लाभ दीड-दोन तासांच्या रस्त्यानंतर मिळेल, आणि तो रस्ता पूर्णा ओलांडूनच जातो.

जळगाव जामोदच्या बाबतीत अंतर खरोखर बदलू शकेल अशी एक गोष्ट आहे. ती आकाशात नाही. अकोला-खंडवा हा मीटरगेज लोहमार्ग मेळघाटच्या जंगलातून जात असे. सातपुडा चढताना धुळघाटाजवळ रूळ स्वतःभोवती वळसा घालून स्वतःच्याच वरून जात. गाडीला उंची गाठता यावी म्हणून अभियंत्यांनी मुद्दाम लांबवलेली ती वाट होती. जानेवारी २०१७ पासून या मार्गावरील गाड्या रुंदीकरणासाठी बंद झाल्या. अकोला ते अकोट टप्पा ब्रॉडगेज होऊन २०२२ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. पुढच्या टप्प्यात मात्र व्याघ्र प्रकल्पातून सुमारे ३९ किलोमीटर लोहमार्ग रुंद करायचा की नाही, यावर वाद पेटला. वन्यजीव तज्ज्ञांनी जंगलाबाहेरून जाणारा पर्याय सुचवला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २०२१ मध्ये रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून त्याच पर्यायाचा आग्रह धरला. हा पर्यायी मार्ग हिवरखेड, सोनाळा, जामोद असा सातपुड्याच्या पायथ्याने जाऊन मग डोंगर ओलांडतो.

पर्यायी मार्ग सुमारे तीस किलोमीटरने लांब आहे, आणि त्याच्या विरोधात सर्वांत जास्त वेळा हाच मुद्दा मांडला गेला. अकोला आणि खंडवा ही दोन शहरे जोडायची तर तीस किलोमीटरचा फेरा कशासाठी? प्रवाशाचा वेळ जाणार, इंधन जाणार, खर्च वाढणार. दोन शहरांपुरते पाहिले तर हा युक्तिवाद बिनतोड आहे. जुना मार्ग ज्या जंगलातून जातो तेथे वाघ आहेत आणि विरळ आदिवासी वस्ती आहे; नवा मार्ग ज्या पायथ्यावरून जातो तेथे कापूस, संत्री आणि केळी पिकवणारी, बाजारपेठेसाठी आज ट्रकवर अवलंबून असलेली मोठी गावे आहेत. अकोला-खंडवा अंतर तीस किलोमीटरने वाढते, तेव्हा जामोदहून रेल्वे स्थानकाचे अंतर शून्यावर येते आणि जळगाव जामोदचे स्थानक पूर्णेच्या अलीकडे, तासाभराऐवजी पंधरा-वीस मिनिटांवर येते. बुऱ्हाणपूर तर या गावाहून सरळ रेषेत चाळीस-बेचाळीस किलोमीटरच आहे, तरी मध्ये सातपुडा असल्याने तो परका प्रांत वाटतो. खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने ती भिंतही काहीशी खचेल.

मेळघाट वाचवण्यासाठी आखलेल्या या वळणाचा लाभ वऱ्हाडातल्या एका उपेक्षित कोपऱ्याला मिळावा, हा योगायोग आहे. जळगाव जामोदची गरज ओळखून कोणी ही रेघ ओढलेली नाही. अंदाजपत्रकात या टप्प्याचे मूल्यमापन पुन्हा अकोला ते खंडवा किती तास, याच प्रश्नाने झाले तर तीस किलोमीटरचा फेरा कायम तोट्याच्या बाजूला मांडला जाईल. सोनाळा, जामोद आणि त्यांच्या आसपासच्या गावांतील किती माणसांचे किती तास वाचतील, हा रकाना त्या कागदावर असायला हवा. तोपर्यंत जामोदला रूळ नाहीत, आणि रात्रीची गाडी पकडणारा माणूस संध्याकाळी साडेसहालाच घर सोडून नांदुऱ्याच्या काळी-पिवळीत जागा धरून बसतो. कारण ती भरल्याशिवाय निघत नाही.